मुलींच्या हाती विज्ञान-तंत्रज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी मुलामुलींच्या प्रयोग-कार्यशाळा घेते. आई-बाबा, शिक्षक, आजी-आजोबा आणि अधूनमधून थेट मुलीच मला प्रश्न पाठवतात. त्यातले बरेचसे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ‘हाताने शिकणं’ म्हणजे नेमकं काय? माझी मुलगी रोज प्रयोगांचे व्हिडिओ बघते, ते चालतं का?

व्हिडिओ बघून उत्सुकता वाढते, त्यामुळे ते जरूर बघू दे. पण व्हिडिओतला प्रयोग नेहमी जमतो, कारण न जमलेले प्रयत्न कापून टाकलेले असतात. हाताने शिकणं म्हणजे ते कापलेले प्रयत्न स्वतः करणं. वायर किती घट्ट पिळायची, स्क्रू कुठवर आवळायचा, हे डोळ्यांना कळत नाही, ते बोटांनाच कळतं.

उदाहरणादाखल लंबक घ्या. दोरीला नट बांधला, दुसरं टोक टेबलाच्या कडेला चिकटवलं, झाला लंबक. टांगलेल्या ठिकाणापासून नटाच्या मध्यापर्यंतचं अंतर २५ सेंटिमीटर ठेवलं, तर दहा हेलकाव्यांना (जाऊन परत आला की एक) साधारण १० सेकंद लागतात. आता तिला विचारा, ‘एकाऐवजी तीन नट बांधले तर?’ बहुतेक जणी ठामपणे सांगतात की वेळ बदलेल. मोजल्यावर तो तेवढाच भरतो. मग लांबी चौपट, म्हणजे एक मीटर करायला सांगा. ४० सेकंदांची अपेक्षा असते आणि भरतात २०. ‘मोजण्यात चुकलं असेल,’ म्हणून ती पुन्हा मोजायला लागते, तो क्षण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे ती कुणाचं ऐकून मान डोलावत नाही, स्वतः खात्री करून घेते.

२. विज्ञान तर सगळ्यांना सारखंच. मग मुलींसाठी वेगळे प्रयत्न कशाला?

विज्ञान सारखंच आहे. मुलामुलींपर्यंत ते पोचतं मात्र वेगवेगळ्या वाटांनी, आणि तो फरक आपल्याही नकळत पडतो.

अमेरिकेतल्या मुलांच्या एका संग्रहालयात संशोधकांनी कुटुंबांचं निरीक्षण केलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की यंत्र कसं चालवायचं हे आई-बाबा मुलाला आणि मुलीला सारखंच सांगत होते. पण ‘असं का होतं’ हे समजावण्याचं प्रमाण मुलग्यांच्या बाबतीत तिप्पट होतं. यात आयाही होत्या आणि बाबाही. कुणी मुद्दाम करत नव्हतं. तो अभ्यास वाचल्यापासून मी स्वतःचं बोलणं कान देऊन ऐकते.

२०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला आणखी एक अभ्यास सांगतो, की पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हणून बाई निवडायला कचरत नाहीत. सहा-सात वर्षांच्या होईपर्यंत त्यांचा हा विश्वास कमी होतो, आणि ‘हुशार मुलांचा’ म्हणून सांगितलेल्या खेळापासून त्या दूर राहू लागतात. म्हणजे पहिली-दुसरीतच ही गाठ बसलेली असते. आपण जागे होतो ते दहावीनंतर शाखा निवडताना.

३. कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

बसून पाणी ओतायला लागली की. लहान वयात त्याला प्रयोग म्हणायचीही गरज नाही. काय तरंगतं, काय बुडतं, सावली कधी लांब होते, लोहचुंबकाला काय चिकटतं, इतकं पुरे. सहा-सात वर्षांपासून स्क्रू ड्रायव्हर, कात्री, मोजपट्टी. नऊ-दहापासून सेल, वायर, मोटर. अकरा-बारानंतर मोठ्यांच्या देखरेखीखाली सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने वायरी जोडणं. वयापेक्षा हाताची सवय बघा. आठ वर्षांची सरावलेली मुलगी नवख्या बारा वर्षांच्या मुलीपेक्षा नीट पक्कड धरते.

मुलगी पंधरा वर्षांची असेल आणि काहीच केलं नसेल, तरी उशीर झालेला नाही. फक्त तिला लहान मुलांचा संच आणून देऊ नका. थेट खरं काम द्या, जसं बंद पडलेला टॉर्च दुरुस्त करणं.

४. मलाच विज्ञान येत नाही. मी तिला काय शिकवणार?

या प्रश्नात मला बहुतेक वेळा एका आईचा आवाज ऐकू येतो. तुम्हाला उत्तरं यायची गरज नाही. ‘मला माहीत नाही, बघूया?’ एवढं वाक्य यायला हवं. ते तुमच्या तोंडून आलं, की न येणं ही लाजिरवाणी गोष्ट नाही हे तिला आपोआप समजतं.

एक गोष्ट मात्र टाळा. ‘आम्हा बायकांना हे मशीनबिशीन कळत नाही, बाबांना विचार,’ हे वाक्य घरात सहज म्हटलं जातं. ते तुमच्याबद्दल असतं, पण ऐकणारी तिथे स्वतःलाही धरते. बंद पडलेलं घड्याळ तिच्यासमोर उघडून बसा. ते दुरुस्त झालं नाही तरी आईने स्क्रू ड्रायव्हर धरलेला तिने पाहिलेला असतो.

५. घरात साहित्य काहीच नाही. महागडा संच घ्यायलाच हवा का?

नको. बंद पडलेल्या खेळण्यात मोटर असते, रिमोटमध्ये एलईडी (छोटासा दिवा) असते, जुन्या स्पीकरमध्ये चांगलं लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. रिकाम्या खोक्यांपासून पूल बांधता येतो आणि त्यावर पुस्तकं रचून तो कधी मोडतो हे बघता येतं.

पैसे घालायचेच असतील तर हत्यारांवर घाला. तिच्या हाताला बसेल असा चांगला स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, वायर सोलायचं साधन आणि व्होल्ट, प्रवाह मोजणारा डिजिटल मल्टिमीटर. संच एकदा जोडला की संपतो, हत्यारं पुरतात. आणि ती तिच्या स्वतःच्या डब्यात, तिचं नाव लिहून ठेवा. ‘बाबांचं घेऊ का?’ असं दर वेळी विचारावं लागणारी मुलगी हळूहळू विचारणं सोडून देते.

६. पहिला प्रयोग कोणता द्यावा?

एक लाल एलईडी आणि ३ व्होल्टचा नाण्याच्या आकाराचा सेल. एलईडीचे दोन पाय सेलच्या दोन बाजूंना लावून चिमटीत धरायचे, की उजेड. यात वायर नाही, स्विच नाही, बिघडण्यासारखं फार काही नाही. तरी एक खरं कोडं आहे: एलईडी एकाच दिशेने लागते. लांब पाय धन बाजूला हवा. हे आधी सांगू नका.

लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. मग ३ व्होल्टला ती जळत का नाही, असं मोठी मुलगी विचारेल. हा छोटा सेल मुळातच फार प्रवाह देऊ शकत नाही, म्हणून ती वाचते. तीच एलईडी ९ व्होल्टच्या बॅटरीला थेट लावली तर लगेच जळेल. तिथे मध्ये सुमारे ४७० ओहमचा रोधक, म्हणजे प्रवाहाला आवर घालणारा छोटा भाग, लागतो. तो का लागतो, हा पुढचा पंधरवडा पुरणारा विषय आहे.

घरात लहान भावंड असेल तर हा प्रयोग करण्याआधी प्रश्न ९ वाचा. तो सेल गिळला गेला तर जिवावर बेततं.

७. ती अडली की मी मदत कधी करायची?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बऱ्याच उशिरा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

एका कार्यशाळेत नऊ वर्षांची एक मुलगी प्रश्न ६ मधल्या एलईडीच्या प्रयोगावर अडली होती. तिने एलईडी उलटी धरली होती. मी शेजारीच होते. पटकन वाकून एलईडी फिरवली, दिवा लागला. ‘लागला,’ म्हणाली, सेल टेबलावर ठेवला आणि दिवसभर त्याला पुन्हा हात लावला नाही. दिवा माझा होता, तिचा नव्हताच.

पुढच्या खेपेला दुसरी एक मुलगी तशीच अडली. या वेळी मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले. तिने एलईडी फिरवली, पण त्याबरोबर सेलही उलटा केला. अर्थात काही झालं नाही. पुन्हा दोन्ही फिरवलं, पुन्हा नाही. तिने सेल कानाला लावून पाहिला. नखाने खरवडला. चार-पाच मिनिटं गेली असतील, मला ती फार लांब वाटली. मग तिने सेल तसाच ठेवून फक्त एलईडी फिरवली आणि लाल ठिपका उजळला. ती ओरडली नाही. तिने ती पुन्हा उलटी केली. विझली. सुलटी केली. लागली. असं सहा-सात वेळा. मग शेजारणीला म्हणाली, ‘एका वेळी एकच बदलायचं.’ प्रयोगशास्त्राचा पहिला नियम तिला कुणी सांगितला नव्हता.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. आधी थांबायचं. मग विचारायचं, ‘आत्तापर्यंत काय काय करून पाहिलंस?’ मग, ‘काय केलं नाहीस अजून?’ तरीही अडलं तर माझ्याकडच्या दुसऱ्या वस्तूवर दाखवायचं. तिच्या हातातली वस्तू घ्यायची नाही. हत्यार तिच्या हातातून काढून घेण्याचं एकच कारण मला मान्य आहे: इजा होण्याचा धोका. या हात मागे घेण्याला एक अपवाद आहे, तो प्रश्न १९ मध्ये.

८. प्रयोग फसला की ती रडते आणि ‘मला येतच नाही’ म्हणते. काय करू?

रडू थांबवायची घाई करू नका. मग फसण्याकडे तिच्यासोबत बारकाईने बघा. लिंबाच्या सेलचा प्रयोग बघा. एका लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोचून एलईडी लावा, असं कितीतरी ठिकाणी दाखवतात. ती लागत नाही. मुलीला वाटतं, आपलंच चुकलं. प्रत्यक्षात एका लिंबातून जेमतेम ०.९ व्होल्ट मिळतात, आणि प्रवाह तर अगदीच थोडा. चार लिंबं एकापाठोपाठ एक जोडली तर लाल एलईडी मिणमिणते, तीही अंधार केला तर दिसते. मल्टिमीटर जवळ असेल तर ती हे स्वतः मोजू शकते. ‘मला येत नाही’च्या जागी ‘व्होल्ट कमी पडतात’ हे वाक्य आलं, की रडण्याचं कारणच उरत नाही.

फसलेल्या प्रयोगांसाठी एक वही ठेवा. तारीख, काय केलं, काय झालं, तिला काय वाटतं. शुद्धलेखन तपासू नका.

९. हे सगळं सुरक्षित आहे का?

नियम पाळले तर हो. ते थोडे आहेत आणि त्यांत सूट नाही.

घरातल्या विजेच्या प्लगला जोडलेलं काहीही उघडायचं नाही. सेलवर चालणारं चालेल. मायक्रोवेव्ह ओव्हन, जुना काचेच्या नळीचा टीव्ही आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश प्लग काढल्यावरही, सेल काढल्यावरही उघडायचे नाहीत, कारण आतला कपॅसिटर नावाचा भाग विजेचा भार धरून ठेवतो आणि जोरदार झटका बसू शकतो. मोबाइलची लिथियम बॅटरी टोचायची, वाकवायची नाही, ती पेट घेते.

नाण्यासारखा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा, उलटी करवू नका. निओडायमियमची छोटी जोरदार चुंबकं तितकीच धोक्याची. एकाहून जास्त पोटात गेली तर ती आतड्याच्या घड्या मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात.

ब्लीच दुसऱ्या कुठल्याही स्वच्छतेच्या द्रवात मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी, डोळ्यांना चष्मा, नंतर हात साबणाने स्वच्छ. केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या.

आणि हे नियम मुलग्यालाही तेच. ‘तू मुलगी आहेस, भाजेल’ हा सुरक्षेचा नियम नव्हे.

१०. ‘खास मुलींसाठी’ म्हणून गुलाबी संच मिळतात. घ्यावेत का?

रंगाबद्दल माझी तक्रार नाही. गुलाबी स्क्रू ड्रायव्हरनेही स्क्रू फिरतो. आत काय आहे ते बघा. मुलांच्या संचात मोटर, गिअर आणि मुलींच्या संचात सुगंधी साबण आणि चमचमणारी पूड, असं असेल तर ठेवून द्या. साबणात चांगलं रसायनशास्त्र आहे, पण पत्रकात ‘का’ हा शब्द कुठे तरी यायला हवा. नुसतं ‘मिसळा, ढवळा, सुंदर दिसेल’ असेल तर ती हस्तकला झाली.

११. फक्त मुलींचा गट करावा की मुलामुलींचा एकत्र?

मी दोन्ही करते. फक्त मुलींच्या गटात एक गोष्ट आपोआप होते: प्रत्येक काम मुलीलाच करावं लागतं. ड्रिल धरायला दुसरं कुणी नसतंच.

एकत्र गटात लक्ष ठेवावं लागतं. चार जणांचा गट केला की थोड्या वेळात मुलगा जोडणी करत असतो आणि मुलगी सुवाच्य अक्षरात निरीक्षणं लिहीत असते. कुणी भांडलेलं नसतं, तसं ठरूनच जातं. शिक्षकांना मी एक साधा उपाय सांगते. जोडणारी, मोजणारी, लिहिणारी आणि सामान आणणारी ही चार कामं दर पंधरा मिनिटांनी फिरवायची, घड्याळ लावून. आणि प्रश्न विचारल्यावर पहिला हात वर आला की लगेच नाव घ्यायचं नाही. मनात पाचपर्यंत मोजा. उशिराने वर येणारे हात कुणाचे असतात ते बघा.

१२. कोडिंग हे हाताने शिकणं आहे का? नाही तर पुन्हा स्क्रीनच.

स्वतः काही घडवत असेल तर नक्कीच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००७ मध्ये आणलेलं ‘स्क्रॅच’ हे मोफत आहे आणि त्यात सूचनांचे ठोकळे जोडून खेळ, गोष्टी बनवता येतात. ते आठ ते सोळा वयासाठी म्हणून बनवलं आहे.

पण मला स्वतःला स्क्रीनबाहेर येणारं कोडिंग जास्त आवडतं. ‘मायक्रोबिट’ नावाच्या छोट्या बोर्डवर २५ एलईडी आणि हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. त्यावर एका मुलीने दाराला लावायची घंटी केली होती. दार उघडलं की बोर्डवर मोठी फुली उमटायची. ‘माझ्या खोलीत न विचारता यायचं नाही,’ हे तिला घरच्यांना सांगायचं होतं. कोड फार तर दहा ओळींचा, पण गरज तिची स्वतःची होती. मुलींना ‘रोबो बनव’ म्हणण्यापेक्षा ‘तुला कशाचा त्रास होतो?’ असं विचारलं तर जास्त कल्पना सुचतात, हा माझा अनुभव.

१३. ‘तू किती हुशार आहेस’, ‘तू मोठेपणी शास्त्रज्ञ होशील’ असं म्हणावं ना?

हेतू प्रेमाचा आहे, पण शब्द बदलून बघा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लहान मुलांना ‘चला, शास्त्रज्ञ होऊया’ असं सांगितलं आणि काहींना ‘चला, विज्ञान करूया’. पुढच्या खेळात ‘विज्ञान करूया’ ऐकलेल्या मुली जास्त चिकाटीने टिकल्या. कारण ‘शास्त्रज्ञ’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे एक विशिष्ट माणूस येतो, आणि मुलीला तो आपल्यासारखा वाटत नाही. ‘करणं’ मात्र कुणालाही जमतं.

आपल्या भाषेत याला आणखी एक पदर आहे. आपण विचारतो, ‘इंजिनिअर काय करतो?’ ‘शास्त्रज्ञ कसा विचार करतो?’ क्रियापदच पुरुष होऊन येतं. मी मुद्दाम ‘इंजिनिअर काय करते?’ म्हणते. सुरुवातीला मुलं दचकतात, पुढे तीही तसंच म्हणू लागतात.

आणि ‘हुशार’ऐवजी जे पाहिलं ते सांगा: ‘तू तीनदा मोजलंस, म्हणून चूक सापडली.’

१४. कोणत्या स्त्रियांच्या गोष्टी सांगाव्यात? मेरी क्युरीपलीकडे आम्हाला कुणी ठाऊक नाही.

मेरी क्युरींची गोष्टही आपण अर्धीच सांगतो. १९०३ आणि १९११ ची दोन नोबेलं सांगतो, पण गळक्या शेडमध्ये उकळत्या खनिजाची पातेली लोखंडी दांड्याने तासन् तास ढवळणारी बाई सांगायची राहून जाते. मुलींना तीच जास्त भावते.

माझी आवडती गोष्ट ॲग्नेस पॉकेल्स यांची. जन्म १८६२ चा. जर्मनीत राहणाऱ्या या मुलीला मुलगी म्हणून विद्यापीठाची दारं बंद होती. ती घर सांभाळायची. भांडी धुताना पाण्याच्या पृष्ठभागावर तेलकटपणाने आणि साबणाने काय होतं, हे तिने हेरलं. मग पत्र्याचं एक उथळ पसरट भांडं घेतलं, पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी पट्टी सरकवून तो आवळायची-पसरायची सोय केली, आणि तराजूला टांगलेलं बटण पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो ते मोजलं. भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, तो पुस्तकं पाठवायचा. जवळजवळ दहा वर्षं असं काम करून १८९१ मध्ये तिने नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. त्यांनी ते ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाकडे पाठवलं आणि छापून आणलं. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी याच प्रकारचं भांडं सुधारून वापरलं. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी पॉकेल्स यांना सत्तरीला मानद डॉक्टरेट मिळाली. ही गोष्ट सांगितल्यावर पाण्यावर मिरपूड भुरभुरवून साबणाचा थेंब टाकायला द्या. तिच्या बोटाखाली तोच पृष्ठभाग असतो.

भारतात हवामानशास्त्राची सुमारे १०० उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्यांची रेखाचित्रं प्रमाणित करून घेणाऱ्या अण्णा मणी यांचीही गोष्ट सांगा. यंत्रं उघडून पाहणाऱ्या मुलीला त्या आपल्या वाटतील.

१५. तिचं गणित कच्चं आहे. मग पुढे कसं होणार?

गणित आधी पक्कं करून मग प्रयोग, हा क्रम मला पटत नाही. लंबकाला (प्रश्न १) लागणारा वेळ दहादा मोजल्यावर सरासरी कशासाठी काढायची, हे वेगळं शिकवावं लागत नाही. ‘मुलींना आकृत्या मनात फिरवता येत नाहीत’ असंही बोललं जातं. २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी दाखवलं, की ही क्षमता सरावाने वाढते आणि वाढलेली टिकते. ठोकळे, कागदाच्या घड्या, नकाशा वाचणं, वस्तू उघडून पुन्हा जोडणं, हाच तो सराव.

१६. ती आधी आवडीने करायची. बारा-तेराव्या वर्षी अचानक सोडून दिलं.

हा प्रश्न फार येतो, आणि एकच उत्तर नाही. कधी आवड खरंच बदलते. तिला दुसरं काही आवडायला लागलं असेल तर तेही तिचं. पण बरेचदा आवड तशीच असते आणि भोवतालचं बदललेलं असतं. गटात ती एकटीच मुलगी उरते. कुणीतरी काही बोललेलं असतं. चुकलं तर हसतील याची भीती नव्याने आलेली असते.

‘का सोडलंस?’ असं समोर बसवून विचारू नका. एखादी वस्तू दोघांनी मिळून दुरुस्त करत बसा, बोलणं तिथे निघतं. तिच्यासोबत येऊ शकेल अशी एक मैत्रीण शोधा. एकीची दोन झाली की फार फरक पडतो. कारण कुणाचं बोलणं असेल, तर ते तिने सहन करायचं नाही. तिथल्या मोठ्यांशी तुम्ही बोलायचं.

१७. माझ्या मुलीला दिसत नाही. तिला यात कसं घेता येईल?

पूर्णपणे. एलईडीच्या जागी छोटा बझर लावा, सर्किट पूर्ण झालं की आवाज येईल. बहुतेक मल्टिमीटरमध्येही जोडणी तपासताना ‘बीप’ वाजायची सोय असते. धन टोकाच्या वायरला एक गाठ मारून ठेवा. लंबक बोटाला हलका स्पर्श होईल असा टांगला की हेलकावे मोजता येतात. वांडा डियाझ-मर्सेड या अंध खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांच्या माहितीचं ध्वनीत रूपांतर करून ती ऐकतात. आलेखात नजरेतून सुटणारं काही कानाला सापडू शकतं, हे त्यांच्या कामातून दिसलं.

डोळस मुलींनाही एकदा डोळे मिटून सर्किट जोडायला सांगते. बोटं किती वाचतात ते त्यांना तेव्हा कळतं.

१८. मी बारा वर्षांची आहे. माझ्या दादाकडे सगळं सामान आहे पण तो मला हात लावू देत नाही. म्हणतो, तू मोडशील. मी काय करू?

तू लिहिलंस ते फार बरं केलंस. आधी दादाला असं विचार: ‘मला बनवून देऊ नकोस, पण तू करताना मी शेजारी बसू का? आणि एक वायर मी जोडू का?’ बऱ्याच दादांना आपलं काम दाखवायला आवडतं. नाहीच म्हणाला, तर त्याच्या सामानाचा नाद सोड आणि आईला किंवा बाबांना प्रश्न ५ वाचायला दे. बंद पडलेली, सेलवर चालणारी एखादी वस्तू माग आणि एक स्क्रू ड्रायव्हर. उघडण्याआधी प्रश्न ९ वाच. उघडताना प्रत्येक पायरीचं चित्र काढ आणि स्क्रू त्याच क्रमाने चिकटपट्टीवर लावून ठेव, म्हणजे परत जोडता येतं.

मोडेल का? एखादी वस्तू मोडेलही. दादाच्या हातूनही मोडल्या असतील, त्याला विचारून बघ. आत काय दिसलं ते मला लिहून कळव.

१९. तुमचं वाचून मी हात मागे घेतला, अजिबात मदत केली नाही. तर ती म्हणाली, ‘बाबा, तुला माझ्यासोबत करायचंच नाहीये.’ माझं काय चुकलं?

प्रश्न ७ मधला अपवाद तो हाच. हात मागे घ्यायचा असतो तो तिच्या वस्तूवरून, तिच्याजवळून नाही. काही मुलींना एकटीने झगडायला आवडतं, काहींना शेजारी माणूस लागतं. तुमच्या मुलीला माणूस हवं आहे, हे तिने किती स्पष्ट सांगितलं बघा.

एकाच सामानाचे दोन संच घ्या. एक तिचा, एक तुमचा. शेजारी बसून तुम्ही तुमचा जोडा, ती तिचा जोडेल. तुमचं अडलं की तिला विचारा, आणि खरंच अडलं असेल तेव्हाच विचारा, खोटं अडणं मुलींना लगेच ओळखू येतं. एका बाबांना मी हेच सांगितलं होतं. महिन्याभराने त्यांनी कळवलं, की त्यांची मोटर अजून फिरत नाही, तिची फिरते, आणि तिने त्यांच्या तारेचं टोक हातात घेऊन विचारलं, ‘बाबा, हिचा वरचा मुलामा खरवडलास का?’ खरवडायचा राहिला होता.